पिस्तुलाची पिशवी

शनिवारी सकाळी जहूर मुकादमने दुकानाचं शटर अर्धं वर केलं, तोच पोलीस अधिकारी हमद वाकून आत शिरला आणि कापायच्या टेबलावर त्याने प्लास्टिकचं पाकीट ठेवलं.

पाकिटात एक पिशवी होती. बाहेरून पांढरं सुती कापड, आतून चामड्याचं अस्तर, वर खांद्यावरून घ्यायचा पट्टा.

"ही तू शिवलीस?"

जहूरने चष्मा नाकावर ओढला. ओमानमधल्या इब्राच्या बाजारात त्याच्याबद्दल असं सांगतात की हा रत्नागिरीचा म्हातारा माणसाची चाल बघून त्याच्या आजोबाची उंची सांगतो. आजोबाची थाप असेल. बापाची मात्र त्याने एकदा खरोखर सांगितली होती, तीही बाप तीस वर्षं कबरीत असताना. पस्तीस वर्षं त्याने या गावाचे दिशदाशे शिवले होते. ओमानी माणसाचा तो पायघोळ झगा अंगावर कसा पडतो, हे माणसाच्या आईलाही जहूरइतकं ठाऊक नसेल.

"माझाच टाका हाय," तो म्हणाला.

"कुणासाठी?"

"खलफान अर्बाबांसाठी. अशा दोन शिवल्या. पहिली दोन वर्षांपूर्वी, त्यांना पिस्तुलाचं लायसन मिळालं तेव्हा. दुसरी तीन आठवड्यांपूर्वी. ईदच्या तीन दिशदाशांबरोबर त्यांचा पुतण्या सौद येऊन घेऊन गेला."

"झालं तर मग." हमदने वहीत टिपून घेतलं. त्याची हिंदी स्वच्छ होती, आणि चेहराही स्वच्छ, काही न लिहिलेल्या पाटीसारखा. "ही काल संध्याकाळी तुझ्या जावयाच्या घरात तांदळाच्या डब्यात सापडली. पिस्तूल अजून सापडलं नाही. त्यात सहा गोळ्या आहेत. कुठे आहे ते त्याने सांगितलं तर बरं. नाही सांगितलं तर वर्षं मोजायला लागशील."

"अरहम चोर नाय, साहेब."

"सगळे सासरे असंच म्हणतात?"

"नाय. बाकीचे सासरे जावयाला चोरच म्हणतात."

हमद हसला नाही. जहूरने पाकीट उजेडाकडे धरलं, उलटंपालटं केलं. पट्टा उजव्या खांद्यावर येणारा, पिशवी डाव्या कुशीत लोंबणारी, तोंड डाव्या हाताला. त्याचे ओठ जरा हलले. मग त्याने पाकीट परत दिलं.

* * *

हकीगत साधी होती, म्हणूनच वाईट होती.

खलफान अर्बाब, म्हणजे खलफान शेठ, गावाबाहेरच्या संगमरवराच्या खाणीचे मालक. दोन वर्षांपूर्वी खाणीच्या रस्त्यावर तोंडं बांधलेल्या तिघांनी त्यांची गाडी अडवली, त्यांना उतरवून उन्हात गुडघ्यांवर बसवलं. त्यानंतर त्यांनी पिस्तुलाचा परवाना काढला. पिस्तूल अंगावर, कपड्यांखाली बाळगायचा. पहिली पिशवी घालून बघताना ते जहूरला म्हणाले होते, "मास्टर, आता रात्री डोळा लागतो. पण ऐक, ही बायकोपेक्षा कडक गोष्ट आहे. आपल्या अंगावर, नाहीतर कुलपात. दुसऱ्याच्या हातात एक क्षणही नाही. मशिदीत नाही, लग्नात नाही. हरवली तर तासाच्या आत पोलिसात."

काल शुक्रवारी त्यांनी तसंच केलं होतं. जुम्याच्या नमाजाला सौद त्यांना गाडीतून घेऊन आला. पिस्तूल गाडीच्या पुढच्या खणात ठेवलं, खणाला कुलूप, गाडीला कुलूप, किल्ली अर्बाबांच्या खिशात. नमाज संपल्यावर येऊन बघतात तर खण रिकामा. काच फुटलेली नाही, कुलूप तुटलेलं नाही.

गाडीची दुसरी किल्ली ड्रायव्हर अरहमकडे. शुक्रवार त्याच्या सुट्टीचा. तो मशिदीत सर्वांत शेवटी पोचला, सगळं गाव आत असताना त्या गाडीशेजारून एकटा चालत आला. सौद? सौद पहिल्या रांगेत काकाच्या खांद्याला खांदा लावून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दोनशे माणसं साक्षीला. त्यांत जहूरही, दुसऱ्या रांगेत, बरोब्बर सौदच्या मागे. सौद सजद्याला, कपाळ जमिनीला टेकायला, वाकला तेव्हा गालिच्यावर ठक् असा जड आवाज झाला होता, तोही जहूरला आठवत होता. मोबाइल असेल, आजकालची पोरं अल्लाच्या दारातही मोबाइल सोडत नाहीत, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

* * *

जहूरची मुलगी अफशा आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. तांदळाचा डबा जमिनीवर पालथा, तांदूळ पसरलेले. पोलिसांनी केलं तसंच ठेवलं होतं तिने.

"भर गो ते," जहूर म्हणाला.

"हात लावत नाय मी. त्यांनी काढली ती पिशवी तिथून, अब्बा. माझ्या डब्यातून. मी रोज हात घालते त्या डब्यात!"

"काल सकाळी घातलास?"

"घातला. दुपारचा भात केला ना. काय नव्हतं."

"आणि मग संध्याकाळी पोलीस. मधल्या वेळात घरात कोण आलं?"

"कोण नाय. अरहम जेवून आत झोपला. सौद तेवढा दारात येऊन गेला, ताट घेऊन."

"कसलं ताट?"

"अर्बाबांच्या घरून येतं ना शुक्रवारी, मटण-भाताचं. एरवी त्यांचा माळी आणतो. काल सौद आला."

"दारातून गेला?"

"दारातूनच. आत कशाला येईल?" ती थांबली. "म्हणजे... मी ताट रिकामं केलं नि धुतलं. पण रिकामं ताट कसं परत द्यायचं? अम्मीने शिकवलंय ना. वरच्या मजल्यावर खतिजाकडे नारळाच्या वड्या ठेवल्या होत्या मी, त्या आणायला गेले."

"किती वेळ?"

"पाच मिनटं. खतिजा बोलत बसते, तुला ठावं हाय."

दारापासून तांदळाचा डबा दोन हातांवर होता. जहूरने तेवढं अंतर डोळ्यांनी मापलं. अफशा त्याच्याकडे बघत राहिली.

"अब्बा, ते त्याला सोडतील ना?"

"बघू," तो म्हणाला. आणि पसरलेले तांदूळ तो स्वतःच डब्यात भरायला लागला.

* * *

दुपारी तो अर्बाबांच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, जाऊन बसला. जुना दिशदाशा दुरुस्तीला न्यायचं निमित्त.

सौद कॉफी ओतत होता. अदबशीर पोरगा, तिशीचा. किटली डाव्या हातात, प्याला उजव्या हाताने पुढे, रीत असते तशी. खलफानांनी प्याला घेतला. दोन घोट झाले आणि त्यांच्या बोटांत प्याला डुगडुगायला लागला. प्याला हलवणं म्हणजे पुरे. सौदने लगेच तो काढून घेतला. म्हाताऱ्याने रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि हात मांडीखाली सरकवला.

"मला वाईट वाटतं, मास्टर," ते म्हणाले. "मुलासारखा होता अरहम."

"अर्बाब, एक विचारू? पिस्तूल खणात ठेवलंत ते पिशवीसकट?"

"पिशवी कशी काढणार? ती कपड्याखाली असते. तूच शिवली आहेस." त्यांनी उजव्या कुशीवर हात आपटला. "ही काय. अंगावरच आहे."

"आणि पिस्तूल तुम्हीच ठेवलंत? तुमच्या हाताने?"

खलफानांनी सौदकडे पाहिलं. बाहेर खजुराच्या झाडात वारा खरखरला.

"पोलिसांना सांगितलं आहे मी," ते शेवटी म्हणाले. "मीच ठेवलं."

"काका दमलेत, मास्टर," सौद मऊ आवाजात म्हणाला. "खलास. कपडे घे आणि जा."

दाराशी त्याने दुरुस्तीचा दिशदाशा जहूरच्या हातात दिला. त्याच्या स्वतःच्या दिशदाशाच्या डाव्या खिशाची कड मळून करडी झाली होती. उजव्या खिशाची कोरी करकरीत होती.

* * *

रविवारी सकाळी अंबरीश साठे दुकानात आला. खाणीच्या ऑफिसचा मॅनेजर, मूळचा पुण्याचा. सतरा वर्षं वाळवंटात काढूनही त्याच्या कपाळावरची आठी सदाशिव पेठेतलीच राहिली होती.

"जहूरभाई, आनंदाची बातमी. आणि मला आनंदाच्या बातम्यांचा संशय येतो, म्हणून आधी तुमच्याकडे आलो."

"बोला, साठेसाहेब."

"अरहमला आज दुपारी सोडतायत. हमी कोणी दिली माहितीय? सौदने! पासपोर्ट पोलिसांकडे, माणूस घरी. म्हणाला, गरीब माणूस आहे, घाबरलाय, आपण प्रेमाने विचारलं तर पिस्तुलाचा पत्ता देईल."

"एवढं प्रेम?"

"तेच म्हणतो मी. गेल्या महिन्यात अरहमने गाडीला ओरखडा पाडला तर या गृहस्थाने त्याला उन्हात दोन तास उभा केला होता. आणि आज हमी!" साठेने इकडेतिकडे पाहिलं. "शिवाय साडेपाचला काकाला आणि अरहमला घेऊन तो शेतघरावर जाणार आहे. म्हणे, अरहम तिथे माफी मागेल. शेतावरच्या माणसांना सुट्टी द्यायला मला सांगितलं. सगळ्यांना. अगदी राखणदारालाही."

जहूरच्या हातातली कात्री थांबली.

"अर्बाबांची मुलगी कधी येतेय?"

"वजीरा? बुधवारी. गुरुवारी खाणीची सगळी सूत्रं तिच्या नावावर होणार, कागद मीच तयार केलेत. हे तुम्हाला कुठून कळलं?"

"लेकीसाठी ड्रेस शिवायला टाकलाय त्यांनी. गुरुवारी पाहिजे म्हणाले." जहूरने कात्री ठेवली. "गुरुवार उजाडायला पाहिजे, साठेसाहेब."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची गाडी काढा. आधी ठाण्यावर."

ठाण्यावर हमदने दहा मिनिटं ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकला. "शिंप्याच्या टाक्यावर मी खलफानांच्या पुतण्याला पकडू? दोनशे साक्षीदार आहेत. पिस्तूल दाखव."

"दाखवतो. तुम्ही जावयाला घेऊन अर्बाबांकडे याल ना सोडायला? तेव्हा माझ्या आधी उठू नका, एवढंच. आणि सौदच्या डाव्या बाजूला बसा."

"आणि तू चुकलास तर?"

"तर दोघं सासरा-जावई एकाच कोठडीत. तेवढाच अफशाला एका डब्यात दोघांचा भात."

* * *

साडेचारला मजलिसमध्ये पाच माणसं होती. खलफान, सौद, हमद, दाराशी साठे, आणि कोपऱ्यात अरहम. दोन दिवसांत त्याची मान आखडली होती. तो जमिनीकडेच बघत होता.

जहूर गळ्यात टेप अडकवून आत आला तेव्हा सौद उभाच होता. जायची घाई.

"मास्टर, आत्ता नाही."

"आत्ताच, बाबा. ईदचे दिशदाशे माझ्या दुकानातून गेलेत आणि तुझ्या दिशदाशाचा खालचा हेम वाकडा हाय. गावभर माझं नाव खराब. दोन मिनटं." उत्तराची वाट न बघता म्हातारा गुडघ्यांवर बसला, तोंडात पिना धरल्या आणि सौदच्या पायाशी टेप लावली. खलफान कसनुसे हसले. सौदने सुस्कारा सोडला आणि उभा राहिला. नाही म्हटलं असतं तर विचित्र दिसलं असतं.

जहूरचे हात घोट्यापासून वर सरकले, शिवणीवरून, खिशाच्या कडेवरून, चापून, ओढून, नीट करून. मग तो मागे सरकला.

"दोन सूत," तो म्हणाला. "डाव्या बाजूला दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली. मी वाकडं कापत नाय, साहेब. कापड खाली ओढतंय ते वजनाने. खिशात काय हाय, सौद?"

सौदचा डावा हात खिशाकडे झेपावला. आणि खिशाच्या तोंडाशीच अडकला. बोटं कापडावर आपटत राहिली. खिसा बंद होता. जहूरने कड नीट करता करता लावलेल्या तीन मोठ्या सेफ्टी पिना, एकीला एक लागून.

तेवढ्यात हमदने त्याचं मनगट धरलं होतं.

खिसा कात्रीने उसवावा लागला. पिस्तूल बाहेर आलं. काळं, लहान, सहाही गोळ्या भरलेल्या. अरहमने पहिल्यांदा मान वर केली.

हमदने पिस्तुलातल्या गोळ्या काढून घेतल्या.

"सांग," हमद जहूरला म्हणाला. "आता सगळं सांग."

जहूर उठून बसला. टेप परत गळ्यात अडकवली.

"तांदळात सापडलेल्या पिशवीतून पिस्तूल डाव्या हाताने काढायचं होतं. सौदने ऑर्डर दिली तेव्हा मला म्हणाला, काकांचा उजवा हात दुखतो, नवी डावीकडे कर. मी केली. पण काल अर्बाबांनी स्वतःची पिशवी मला दाखवली. उजवीकडे, जुनीच. म्हणजे नवी त्यांच्यापर्यंत गेलीच नव्हती. मग डावखुरा कोण? मजलिसमध्ये बसून कळणार नाय. इथे डावखुरासुद्धा प्याला उजव्याच हाताने देतो. खिसा मात्र खोटं बोलत नाय. सौदच्या डाव्या खिशाची कड मळलेली, उजवी कोरी."

"पण नमाजाला तो काकांशेजारी होता. गाडीपाशी गेला कधी?" हमदने विचारलं.

"परत जायची गरजच नव्हती. पिस्तूल खणात गेलंच नाय." जहूर खलफानांकडे वळला, आणि त्याचा आवाज खाली आला. "अर्बाब, तुमचा हात कापतो. प्याला डुगडुगला की लोकांना वाटतं तुम्हाला पुरे झालं. या हाताने भरलेलं पिस्तूल गाडीत बसून कोण काढील, कोण ठेवील? तुम्ही ते सौदच्या हातात देत होता. दर शुक्रवारी."

खलफानांनी डोळे मिटले.

"दर शुक्रवारी," ते म्हणाले. "तो वाकून खणात ठेवायचा. मी खटका ऐकायचो आणि उतरायचो."

"या शुक्रवारी खटका झाला, पण पिस्तूल त्याच्या कुशीतल्या पिशवीत गेलं. तो ते घेऊन पहिल्या रांगेत उभा राहिला. सजद्यात ठक् आवाज झाला, तो मी कानाने ऐकला आणि मोबाइल समजलो. दुपारी तो ताट घेऊन अफशाकडे गेला. रिकामं ताट परत देत नाय आमच्यात, ती वर गेली, आणि पिशवी तांदळात गेली. पिस्तूल त्याने स्वतःकडेच ठेवलं. पोलिसांनी घर बघितलं, गाडी बघितली, शेत बघितलं. त्याचं अंग कुणी बघितलं नाय. पण पिशवी टाकून दिल्यावर सगळं वजन खिशावर आलं. पट्टा खांद्याला असता तर माझ्यासारख्या दहा जणांना पत्ता लागला नसता."

"सुटकेची हमी त्यानेच का दिली मग?"

"कारण कोठडीतला अरहम त्याच्या कामाचा नव्हता." जहूर जावयाकडे बघायचं टाळत होता. "शेतघरावर तिघंच जाणार होते. परत सौद एकटाच आला असता. म्हणाला असता, चोराने लपवलेलं पिस्तूल काढलं, काकांना मारलं, मी झटापटीत त्याला मारलं. पिशवी अरहमच्याच घरात मिळाली होती ना! कोणी दुसरं काय मानलं असतं? आणि वजीरा आली असती ती बापाच्या मातीला."

सौद अजून अदबीने उभा होता. फक्त त्याच्या तोंडातून बारीक शीळ घातल्यासारखा श्वास येत होता.

"दहा वर्षं खाण मी चालवली," तो काकांकडे बघत म्हणाला. "तिला दगड आणि वाळूतला फरक कळत नाही."

हमदने सौदला बाहेर नेलं, बेड्या घालून शिपायांच्या गाडीत बसवलं आणि एकटाच परत आला.

"अर्बाब, तुमच्या जबानीत लिहिलंय, मीच ठेवलं."

"खोटं आहे ते."

"का?"

"खरं सांगितलं असतं तर परवाना गेला असता. हातात धरता येत नाही त्याने बाळगू नये, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दोन वर्षं मी रात्री झोपलो, त्या झोपेची सवय लागली होती." त्यांनी कंबरेचं पाकीट काढलं, परवान्याचं कार्ड बाहेर ओढलं. ते हातातून पडलं. या वेळी त्यांनी हात लपवला नाही. हमदने कार्ड उचललं.

"ठाण्यावर यावं लागेल. जबानी नव्याने. आणि तू, मास्टर. पिशवी शिवताना अर्बाबांना एकदा फोन केला असतास तर?"

"पुतण्या हाय म्हणून नाय केला," जहूर म्हणाला. "लिहा तेही."

खलफान भिंतीला धरून उठले. अरहमसमोर येऊन उभे राहिले. गाडीची किल्ली पुढे केली.

"मी पोलिसांना एक वाक्य खोटं सांगितलं, आणि त्या वाक्यात तुला दोन रात्री ठेवलं. ठाण्यावर जायचं आहे. आता माझी पाळी. चालव गाडी."

अरहमने किल्लीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"आधी बायकोला फोन करतो, अर्बाब," तो म्हणाला.

साठेने घाईघाईने आपला मोबाइल त्याच्या हातात दिला. अरहम अंगणात गेला, पाठ करून बोलत राहिला. हमदने घड्याळ पाहिलं आणि वही मिटली. खलफान अर्बाब दारात किल्ली धरून उभे होते, आणि त्यांनी कुणाला खुर्ची मागितली नाही.